करवीरचीं तळीं, तीर्थें आणि बागा

(१)

करवीर क्षेत्राचा इतिहास आजवर मुख्यतः तीन प्रकारच्या साधनांवरून लिहिला गेला आहे. पहिलें साधन शिलालेख व ताम्रपट यांचें, दुसरें दप्तरांतील मोडी कागदांचें आणि तिसरें करवीरमाहात्म्यासारख्या स्थलपुराणांचें. या तिहींच्या जोडीस चौथें एक साधन आहे, व तें म्हणजे शहराची प्रत्यक्ष भूमि. कोल्हापुरांत लोक ज्या जागीं संध्याकाळीं फिरावयास जातात, मुलें जेथें खेळतात, पहिलवान जेथें झुंजतात आणि पर्वणीस जेथें यात्रा भरते, त्यांपैकीं बहुतेक जागा पूर्वी दुसऱ्याच कांहीं उपयोगाच्या होत्या. तो पूर्वीचा उपयोग त्यांच्या नांवांत, उतारांत किंवा दगडांत शिल्लक राहिला आहे.

प्रस्तुत लेखाचें प्रतिपाद्य एवढेंच आहे. केवळ विहारासाठीं म्हणून नवी जागा आंखून बाग उठविल्याचीं उदाहरणें करवीरांत थोडीं. बहुतेक विहारस्थानें जुन्या तीर्थाच्या, खाणीच्या, समाधीच्या किंवा राखीव रानाच्या जागीं वसलेलीं आहेत. म्हणून त्यांना निव्वळ करमणुकीचीं ठिकाणें समजून संशोधकानें बाजूस सारणें योग्य होणार नाहीं. तीं इतिहासाचीं साधनें आहेत, आणि कागदाप्रमाणेंच तीं फाटतात, भिजतात व हरवतात.

(२) नदी आणि टेकडी

कोल्हापूर पंचगंगेच्या दक्षिण तीरावर वसलेलें आहे. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या चार दृश्य नद्या आणि पांचवी गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा झाली, असें क्षेत्रपरंपरा मानते. संगमाचें स्थान प्रयाग चिखली हें शहराजवळच आहे. पुढें ही नदी नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. शहराच्या अंगास नदीवर दगडी घाट आहे, व घाटालगत देवळांचा आणि राजघराण्यांतील व्यक्तींच्या समाधींचा समूह आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या पहांटे या घाटावर हजारों पणत्या लागतात व सारें शहर तें पाहण्यास लोटतें. पोहणें शिकावयाचें तें याच पाण्यांत आणि अस्थि सोडावयाच्या त्याही याच पाण्यांत, अशी येथील पिढ्यान् पिढ्यांची रीत. विहार आणि श्राद्ध यांच्यामध्यें येथें भिंत नाहीं.

नदी केवळ कांठावरच राहते असेंही नाहीं. आषाढांत पंचगंगेस नवें पाणी आलें म्हणजे तें घागरींतून वाजतगाजत त्र्यंबोलीच्या टेकडीवर नेऊन देवीच्या पायऱ्यांवर ओतण्याची चाल आहे. आश्विनांत ललितापंचमीस अंबाबाईची पालखी त्याच टेकडीवर जाते व तेथें कोहळ्याचा विधि होतो. टेंबलाई या नांवानें सर्वपरिचित असलेली ही टेकडी आज शहरवासीयांचें मोकळ्या हवेंत बसण्याचें ठिकाण आहे. तेथें चढून जाण्याची वाट मात्र हवा खाणाऱ्यांनीं पाडलेली नसून यात्रेकरूंनीं पाडलेली आहे.

नदीकांठच्या ब्रह्मपुरीची गोष्ट याहून बोधप्रद आहे. वरून पाहतां ही एक सामान्य टेकाडवजा जागा. परंतु इ. स. १८७७ मध्यें येथें प्राचीन नाण्यांचा मोठा सांठा सांपडला आणि विळिवायकुर इत्यादि राजांचीं नांवें अभ्यासकांच्या चर्चेंत आलीं. त्याच सुमारास कोल्हापुरांत एका स्तूपाच्या अवशेषांत लेखयुक्त अस्थिपात्रही हातीं आलें. पुढें १९४४ त प्रा. कुंदनगार यांच्या प्रयत्नानें ब्रह्मपुरींतून कांस्य वस्तूंचा जो संग्रह उजेडांत आला, त्यांत समुद्रदेव पोसायडन याची लहानशी मूर्ति होती. १९४५-४६ त डॉ. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे येथें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें. त्यांत सातवाहनकालीन विटांचीं घरें व त्यांच्यावर बहामनी काळचा थर असा क्रम दिसून आला. भूमध्य समुद्रावरचा देव पंचगंगेच्या कांठीं कसा आला, या प्रश्नाचें उत्तर सातवाहन काळच्या रोमन व्यापारांत आहे. परंतु तो आपल्या हातीं लागला याचें कारण असें कीं, हें टेकाड तोपर्यंत कोणी सपाट करून टाकलें नव्हतें.

(३) तीर्थांचें शहर

तळें खोदणें आणि त्याच्या कांठीं देव स्थापन करणें हें या प्रदेशांतील राजधर्माचें जुनें अंग होय. कोल्हापूरच्या शिलाहारांपैकीं गंडरादित्य यानें मिरज प्रांतांत गंडसमुद्र नांवाचा तलाव बांधून त्याच्या कांठीं शिव, बुद्ध व अर्हत् अशा तिन्ही धर्मांच्या देवतांची स्थापना केल्याचा उल्लेख शके १०३२ च्या ताम्रपटांत आहे. पाणी कोणा एका पंथाचें नाहीं, ही जाणीव त्या दानांत स्पष्ट दिसते. कोल्हापूर शहरांतील तळीं याच परंपरेचीं मानण्यास हरकत नाहीं.

शहराच्या जुन्या कोटाच्या वेशी पहा. गंगावेस, रंकाळावेस व वरुणतीर्थवेस या तीन वेशींचीं नांवें पाण्यावरून पडलेलीं आहेत. कोट गेला, दरवाजे गेले, तरी नांवें लोकांच्या तोंडीं आहेत. शहराबाहेर पडावयाचें म्हणजे कोठल्या तरी पाण्याकडे जावयाचें, असा त्या काळचा व्यवहार होता हें या नांवांवरून उघड होतें.

यांपैकीं रंकाळा सर्वांत प्रसिद्ध. महालक्ष्मीच्या देवळासाठीं व इतर बांधकामांसाठीं येथून दगड काढला, पुढें भूकंपानें खाण खचून तींत पाण्याचे झरे फुटले आणि तलाव झाला, अशी आख्यायिका आहे. नांव रंकभैरवावरून पडलें असें सांगतात. कांठच्या नंदीविषयींही एक लोककथा आहे. हा नंदी रोज गव्हाभर पुढें सरकतो आणि तांदळाभर मागें येतो; ज्या दिवशीं तो पाण्यास लागेल त्या दिवशीं जगबुडी होईल. दंतकथेस इतिहास म्हणतां येत नाहीं. पण दंतकथा कोठें जन्मली हा इतिहासाचा प्रश्न आहे. खाणीची कथा या काळ्या दगडाच्या भूमीस शोभणारी आहे, आणि नंदीच्या कथेंत तलावाच्या पाण्याविषयींचें जुनें भय सांठविलेलें आहे. पाणी उतरलें म्हणजे अधिकाधिक उघडा पडणारा संध्यामठ हा या तलावाचा दगडी साक्षीदार. नांवावरूनच तो संध्यावंदनादि कर्मांचें स्थान दिसतो. आतां त्याच कांठीं चौपाटी, बाग व फिरण्याची वाट आहे. खाण, तीर्थ, जलाशय व विहारस्थान अशा चार अवस्था एकाच जागीं रंकाळ्याप्रमाणें क्वचितच पाहावयास मिळतात.

रंकाळ्याचें पाणी राहिलें. इतरांचें राहिलें नाहीं. कोटितीर्थ अद्याप पाणी धरून आहे. वरुणतीर्थ मात्र बुजून त्याचें मैदान झालें व त्यास गांधी मैदान हें नांव मिळालें. तेथें सभा भरल्या, खेळ झाले. परंतु जोराचा पाऊस लागला म्हणजे मैदानांत पुन्हा तळें सांचतें. नगररचनाकार यास निचऱ्याचा दोष म्हणेल. इतिहासाच्या अभ्यासकानें त्यास पुरावा म्हणावें. कपिलतीर्थाची अवस्था याहून पुढची आहे. ग्रामदैवत कपिलेश्वराच्या सान्निध्यांतील या तीर्थाच्या जागीं आज भाजीची मंडई आहे, आणि कपिलतीर्थ हा शब्द उच्चारला असतां कोल्हापुरकरास स्नान आठवत नाहीं, भाजीची पिशवी आठवते. तरीही शब्द टिकला, हेंच संशोधकाचें भाग्य.

सर्वांत शिकवणारें उदाहरण महालक्ष्मीच्या देवळाच्या आवारांतील मणिकर्णिका कुंडाचें आहे. हें कुंड विसाव्या शतकांत बुजविण्यांत आलें व त्यावर बगीचा करण्यांत आला. म्हणजे तीर्थाच्या उरावर विहारस्थान आलें. हेतु वाईट होता असें म्हणवत नाहीं. सांचलेलें पाणी रोगाचें मूळ मानण्याचा तो काळ होता, आणि गर्दीच्या आवारांत हिरवळ असावी असें वाटणेंही स्वाभाविक. परंतु त्या बगीच्याखालीं कुंडाचा दगडी घाट व पायऱ्या गाडल्या गेल्या. २०२० नंतर देवस्थानानें माती उपसण्याचें काम हातीं घेतलें, तेव्हां कुंडाची बांधणी पुन्हा प्रकाशांत आली. एका पिढीनें मातीखालीं झांकलेला लेख दुसरीनें वाचला. अशी दुसरी संधि प्रत्येक तीर्थास मिळते असें नाहीं. मंडईखालच्या तीर्थास ती मिळणें कठीण.

(४) बाग गेली, नांव राहिलें

वरील उदाहरणांत पाणी गेलें व नांव राहिलें. दुसऱ्या एका वर्गांत बाग गेली व नांव राहिलें. याचें मुख्य उदाहरण खासबाग. छत्रपति शाहू महाराज १९०२ सालीं सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणसमारंभानिमित्त विलायतेस गेले असतां त्यांनीं रोमचें प्राचीन क्रीडागार पाहिलें, आणि त्या धर्तीवर १९१२ सालीं कोल्हापुरांत कुस्तीचें मैदान बांधविलें. मधोमध हौदा व भोंवतीं चढत जाणारी बैठक, अशी त्याची रचना असल्यामुळें कोठूनही बसलें तरी कुस्ती दिसते. हें मैदान ज्या जागीं झालें ती राजघराण्याची खास बाग. म्हणून मैदानही खासबागच. मोतीबाग या प्रख्यात तालमीच्या नांवांतही बाग हाच शब्द आहे. फुलांच्या नांवाखालीं तांबडी माती घुमूं लागली, हा कोल्हापूरच्या स्वभावाचाच एक दाखला मानावा.

खासबागेच्या शेजारीं १९१५ त पॅलेस थिएटर उभें राहिलें. पुढें त्यास संगीतसूर्य केशवराव भोसले यांचें नांव देण्यांत आलें. ता. ८ ऑगस्ट २०२४ रोजीं रात्रीं या नाट्यगृहास भीषण आग लागून त्याची मोठी हानि झाली. ती रात्र केशवरावांच्या जयंतीची पूर्वसंध्या होती. पुनरुभारणीचा निर्णय झाला व काम सुरू झालें, ही समाधानाची गोष्ट. पण शंभरावर वर्षांचें लाकूड एका रात्रींत जातें, हा धडा दप्तरें बाळगणाऱ्या प्रत्येकानें मनावर घ्यावा.

येथें आमच्या प्रतिपाद्याच्या उलट जाणारें उदाहरणही नमूद करणें न्याय्य आहे. टाऊन हॉल व त्याभोंवतींचा बगीचा हें ठिकाण हेतुपुरस्सर आंखलेलें आहे. चार्ल्स मॅन्ट या लष्करी इंजिनियरानें योजिलेली गॉथिक पद्धतीची ही इमारत १८७२ ते १८७६ या काळांत झाली, आणि तिच्या आवारांत देशोदेशींचीं झाडें लावण्यांत आलीं. सार्वजनिक बाग ही कल्पना इंग्रजी अमलाबरोबर आली, व ती येथें मूळ धरून राहिली. रंकाळ्याच्या कांठचा शालिनी पॅलेस (१९३१ ते १९३४) हाही विहारासाठींच बांधलेला प्रासाद; तथापि त्यानें जागा निवडली ती जुन्या पाण्याचीच. टाऊन हॉलविषयीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. १९४६ त स्थापन झालेलें कोल्हापूरचें वस्तुसंग्रहालय पुढें याच इमारतींत आलें, व ब्रह्मपुरीचा पोसायडन आज तेथें आहे. अशा रीतीनें केवळ विहारासाठीं आंखलेली बागही शेवटीं इतिहासाच्या कामास लागली.

(५) राखीव रान

शहराच्या विहाराची सीमा कोटापाशीं संपत नसे. भोगावतीच्या वरच्या अंगास दाजीपूरचें रान हें करवीर दरबाराचें शिकारीचें राखीव रान होतें. याच खोऱ्यांत शाहू महाराजांनीं १९०८ च्या सुमारास राधानगरीच्या धरणाचें काम आरंभिलें. स्वातंत्र्योत्तर काळांत, १९५८ सालीं, दाजीपूरास गव्यांचें अभयारण्य करण्यांत आलें. तेंच पुढें विस्तार पावून राधानगरी अभयारण्य या नांवानें प्रसिद्ध झालें. २०१२ त पश्चिम घाटांतील जीं ३९ स्थळें जागतिक वारसा म्हणून गणलीं गेलीं, त्यांत त्याचा समावेश आहे. शिकारीसाठीं राखलेलें रान शिकारीच्या बंदीनें वांचलें, हा उपयोगाचा पालट मोठा आहे. परंतु दरबारनें राखलें नसतें तर पुढें वांचविण्यास रानच उरलें नसतें. या रानाचा इतिहास लिहावयाचा तर शिकारखान्याचे व जंगलखात्याचे जुने कागद पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं.

(६) समाधि आणि बाग

आतां शेवटचा व सर्वांत हृद्य वर्ग. करवीरचे तरुण छत्रपति राजाराम महाराज १८७० त युरोपच्या प्रवासास गेले. परत येतांना इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं ता. ३० नोव्हेंबर १८७० रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांचें वय अवघें वीस वर्षांचें होतें. शास्त्राप्रमाणें दहन नदीसंगमीं व्हावें म्हणून आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांस अग्नि देण्यांत आला. ती जागा फ्लॉरेन्सच्या 'काश्शीने' नामक विस्तीर्ण उद्यानाच्या टोंकास आहे. या शब्दाचा अर्थ दुभत्या जनावरांचे गोठे असा होतो. मेदिची घराण्याचें शेत, गुरें व शिकारीची राई असलेली ती भूमि पुढें नगरवासीयांचें उद्यान बनली. म्हणजे उद्यानाच्या नांवांत जुना उपयोग टिकून राहण्याचा प्रकार एकट्या करवीरचा नव्हे.

१८७४ त त्या संगमावर भारतीय घाटाची छत्री उभारण्यांत आली, व तींत महाराजांचा अर्धपुतळा बसविला गेला. छत्रीचा आराखडा चार्ल्स मॅन्ट याचा; कोल्हापूरचा टाऊन हॉलही त्याचाच. पंचगंगेच्या कांठीं गॉथिक शिखरें आणि आर्नोच्या कांठीं मराठी छत्री, अशी ही उलटापालट एकाच हातानें व एकाच काळांत झाली, हें अभ्यासकांनीं जोडून पाहिलें पाहिजे. फ्लॉरेन्सचे लोक या जागेस आपल्या भाषेंत 'हिंदी माणसाची जागा' अशा अर्थाच्या नांवानें ओळखतात, आणि १९७८ त जवळच पुरा झालेल्या मोठ्या पुलासही तेंच नांव पडलें. महाराजांची प्रवासाची रोजनिशी कॅप्टन एडवर्ड वेस्ट यानें संपादून १८७२ त लंडनमध्यें छापिली. एका करवीरकर राजानें स्वतः लिहिलेलें युरोपवर्णन म्हणून तिची मूळ छापील प्रत संग्राहकांनीं मोलाची मानावी.

करवीरांत याच परंपरेचा दुवा नर्सरी बागेंत दिसतो. छत्रपति शाहू महाराज ता. ६ मे १९२२ रोजीं मुंबईंत निवर्तले. आपलें स्मारक नर्सरी बागेंत असावें अशी त्यांची इच्छा होती. ती पुरी होऊन तेथें समाधिस्थळ सिद्ध होण्यास २०२० साल उजाडलें. घाटावरच्या समाधींपाशीं आधीं समाधि व मग विसाव्याची जागा. नर्सरी बागेंत आधीं बाग व मग समाधि. दोन्हीकडे मृतांच्या सान्निध्यांत जिवंतांनीं विसांवा घेणें अमंगल मानलेलें नाहीं. हें लोकांच्या मनाचें लक्षण म्हणून टिपून ठेवण्यासारखें आहे.

(७) उपसंहार

वरील विवेचनावरून विहारस्थानांचे चार वर्ग पडतात. पाणी जाऊन नांव राहिलें असे वरुणतीर्थ व कपिलतीर्थ. बाग जाऊन नांव राहिलें अशी खासबाग. पाणी व नांव दोन्ही राहून उपयोग पालटला असा रंकाळा. आणि समाधि व विहार एकत्र नांदतात असे घाट, नर्सरी बाग व आर्नोचा संगम. टाऊन हॉलचा बगीचा हा अपवाद.

या वर्गीकरणाचा उपयोग केवळ पंडिती नाहीं. २००५, २०१९ व २०२१ या सालीं पंचगंगेस महापूर आले. राजाराम बंधाऱ्यापाशीं ४३ फूट ही धोक्याची पातळी. ती नदीनें या तिन्ही सालीं ओलांडली, व सखल भागांतील हजारों कुटुंबांस घरें सोडावीं लागलीं. पाणी कोठें शिरतें याचा नकाशा काढण्यास बसावें तर जुन्या तळ्यांचीं, ओढ्यांचीं व वेशींचीं नांवें हीच पहिली टिपणी ठरते. ज्यास लोक आज जयंती नाला म्हणतात, त्याच्या नांवांतही एक नदी आहे. पूर्वजांनीं नांव ठेवून सूचना दिली होती. आपण पाटी बदलली म्हणून पाण्यानें वाट बदलली नाहीं.

म्हणून संग्राहकांस व अभ्यासकांस नम्र विनंति अशी आहे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत करवीर संस्थानचें मोडी दप्तर आहे. त्यांत बागांचे, तलावांचे व देवस्थानांचे हिशेब राजकीय कागदांइतक्याच आस्थेनें पाहिले जावेत. माळ्याचा पगार, मोटेच्या दोराचा खर्च, तळ्याच्या गाळाची मजुरी या क्षुल्लक वाटणाऱ्या कलमांवरूनच कोणती बाग केव्हां होती व कोणतें तळें केव्हां आटलें हें ठरावयाचें असतें. पुजारी, गुरव व जुन्या इनामदारांच्या घरीं तीर्थांच्या हक्कांचे महजर व सनदा असल्यास त्यांच्या नकला करून घ्याव्यात; मूळ कागद धन्याजवळच राहूं द्यावा. ज्या बागेंत आपण संध्याकाळीं बसतों तिच्या खालीं काय आहे, हें एकदां वयोवृद्ध शेजाऱ्यास विचारावें व त्याचें उत्तर तारीख घालून लिहून ठेवावें.

मणिकर्णिका कुंडावरचा बगीचा काढल्यावर पायऱ्या सांपडल्या, कारण त्या दगडाच्या होत्या. कागद मातीखालीं इतका काळ थांबत नाहीं.